उजव्या खिडकीतला चंद्र

रविवार, २९ डिसेंबर १९९६, नेरूळ. सिंगापूरहून परतलेली मंडळी: सासरे अप्पा, सासूबाई माई, आमचे हे, नववीतली रेवती आणि मी. सगळे सुखरूप.

माझा देवावर विश्वास आहे, पण तिकिटं मी दोनदा तपासते. या सहलीची तयारी उन्हाळ्यापासून केली होती. व्हिसा, अप्पांचे चष्मे, माईंच्या मधुमेहाच्या गोळ्या, सगळं पाहिलं. एक पाहायचं राहिलं. परतीचा दिवस संकष्टीचा निघाला.

सहल मात्र छान झाली. अप्पा प्रत्येक रुंद रस्त्यावर थांबून म्हणायचे, "आपलं नेरूळ असंच होणार, बघाल तुम्ही." माईंनी पक्ष्यांच्या बागेत एका पोपटाला हरिपाठाची सवय लावायचा प्रयत्न केला. शेवटच्या दिवशी सामान भरताना सगळ्यांनाच थोडं जड वाटत होतं. घरची पाचही माणसं एकत्र असा प्रवास आयुष्यात किती वेळा करतात?

माईंनी लग्नानंतर एकही संकष्टी मोडलेली नाही. चंद्र पाहिल्याशिवाय पाण्याखेरीज काही घेत नाहीत. विमान उशिरा सुटलं. घरी पोचून चंद्र बघायचा तर मध्यरात्र उलटणार होती. अप्पांनी वाद उकरून काढला, "चंद्रोदय कुठला धरायचा, सिंगापूरचा की मुंबईचा?"

"दिसेल तो," माई म्हणाल्या.

थोड्या वेळाने त्यांच्या कपाळावर घाम आला. हात हातात घेतला तर गार. मी साखरेची पुडी पुढे केली, त्यांनी मान हलवली. हे म्हणाले, "आई, हट्ट नको. देव समजून घेईल." त्यावर माई हसल्या. "त्याला समजतं रे. माझंच मन समजत नाही."

आमच्या डाव्या खिडकीत नुसता काळोख होता. विमान हेलकावे खात होतं, पट्टे सोडायला मनाई होती. आता पुढे काय करायचं, हे मला सुचेना. असं माझं सहसा होत नाही. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं, बाप्पा, माझी तयारी इथे संपली. आता तू बघ.

पट्ट्यांचा दिवा विझला आणि मागून कुणीतरी खांद्याला हात लावला. माझ्याच वयाच्या, डोक्यावरून ओढणी घेतलेल्या एक बाई होत्या. "ताई, मगाधरनं ऐकते मी. आजींना चांद बघायचाय ना? माझ्या खिडकीत आलाय. चला लवकर."

मागे, उजव्या बाजूला त्यांची जागा. आम्ही दोघींनी माईंना धरून नेलं. पंखाच्या मागे तांबूस, थोडा झिजलेला चंद्र ढगांवर टेकला होता. माई बघतच राहिल्या. "अगंबाई, हा तर आपल्याही खाली आहे!" जन्मभर गच्चीत मान उंचावून पाहिलेल्या चंद्राला त्यांनी काचेला कपाळ टेकून, वाकून नमस्कार केला.

"अर्घ्य देऊ नकोस हं," अप्पा मागून म्हणाले, "खाली कुणाच्या डोक्यावर पडेल!" माईंनी पेल्यातल्या पाण्यात बोट बुडवून काचेवर टेकवलं. झालं अर्घ्य.

नैवेद्याला जवळ काही नव्हतं. त्या बाईंनी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. सिंगापुरातल्या लेकीने बांधून दिलेल्या गूळखोबऱ्याच्या वड्या. "चालेल ना आजी, आमच्याकडचं?"

"मोदकातलंच सारण की हे," माई म्हणाल्या आणि चंद्राला दाखवून एक वडी तोंडात टाकली. हळूहळू हात उबदार झाले. मग दोघींच्या गप्पा रंगल्या. बाई मूळच्या श्रीवर्धनच्या, राहायला बेलापूरला, आमच्या पुढच्याच स्टेशनावर. "ईदला आमी पण असेच गच्चीवर टाचा उंच करून उभे असतो," त्या सांगत होत्या. उतरताना त्यांनी पत्ता दिला आणि डबाच माईंच्या हातात ठेवला, "राहू दे, वाटेत लागेल."

विमान वायव्येला चाललं की पूर्व मागे उजवीकडेच राहणार, हे अप्पांनी आज सकाळी कागदावर काढून दाखवलं. बरोबरच आहे. पण त्या खिडकीशी आमचं बोलणं समजणारी, चंद्राची वाट पाहणं म्हणजे काय हे जाणणारीच बाई कुणी बसवली, ते काही त्यांच्या चित्रात आलं नाही. मी विचारलंही नाही. तयारी मी पुढेही करणारच. फक्त ती जिथे संपते तिथे घाबरायचं नाही, हात जोडायचे, एवढं कळलं.

बॅगा रिकाम्या झाल्या, कपडे वाळत पडले. डबा तेवढा घासून पुसून ओट्यावर आहे, झाकणावर 'रुक्साना' कोरलेलं. मी दुपारीच बेलापूरला जाऊन देऊन येणार होते, माईंनी अडवलं.

"रिकामा कसा नेशील? मोदक करून नेऊ, मीपण येते."

तांदळाची पिठी अजून आणायची आहे.