पुंडलिकमामांनी धुतलेली सायकल

भावसिंगपुऱ्यात आमच्या गल्लीत पुंडलिकमामांना सायकलबद्दल शहाणपण शिकवायला कुणी जात नाही. मामांनी चिकलठाण्याच्या एका कारखान्यात उभी हयात काढली आणि ऊन असो, थंडी असो, कामावर गेले ते सायकलनंच. निवृत्तीनंतर माणसं निवांत बसतात. मामा दिसेल त्या सायकलचं चाक अंगठ्यानं दाबून बघत हिंडायचे आणि हवा कमी असली की मालकाला दारात बोलावून झापायचे. माणूस सरळ, कुणाच्याही अडीअडचणीला धावणारा. विहारात दर रविवारी वंदना तेच घेतात, आवाज असा स्वच्छ की अगदी मागं बसलेल्या म्हाताऱ्यांनाही नीट ऐकू जावा. फक्त 'मला माहीत नाही' एवढं काही त्यांच्या तोंडून निघत नसे.

त्यांच्या घरातून, म्हणजे मालनमामी, ज्वारीच्या भाकरी करतात आणि औरंगपुऱ्यातल्या एका खानावळीला पोचवतात. रिक्षाची वाट बघण्यात निम्मी सकाळ जायची. लहानपणी पाचोडला वडिलांच्या सायकलवर कैची मारत त्या सायकल शिकल्या होत्या. लग्नानंतर घरात सायकल होती, पण ती मामांची. तिला दुसऱ्या कुणी हात लावायची सोय नव्हती.

त्यांचा मुलगा सम्यक पुण्याला नोकरीला. आईचे हाल त्याला दिसत होते. एका दिवाळीनंतर त्यानं आईच्या नावानं एक इलेक्ट्रिक सायकल धाडली. भलंमोठं खोकं आलं तशी सगळी गल्ली जमली. मामांनी पान्यांची पिशवी काढली. सम्यक व्हिडिओ कॉलवर होता.

"पप्पा, आधी सोबतचं पुस्तक वाचा."

"सायकल मला पुस्तक शिकवणार व्हय रे?" मामा म्हणाले.

पण खरं सांगायचं तर हँडल, पॅडल, ब्रेक त्यांनी असं झकास बसवलं की बघत राहावं. डावं पॅडल उलट्या आट्याचं असतं हेही त्यांनी आम्हाला ऐकवून घेतलं. वायरींपाशी आल्यावर मात्र ते गुपचूप चष्मा लावून पुस्तकात डोकावले. सम्यक एकेक गोष्ट सांगत गेला. पहिल्यांदा बॅटरी पूर्ण भरू द्यायची. चार्जर हाच वापरायचा, शेजाऱ्याचा चालणार नाही. चार्जिंगला लावून झोपायचं नाही, बॅटरी चुलीपासून लांब ठेवायची. आई हेल्मेटशिवाय गेली तर सायकल परत नेईन. आणि शेवटी म्हणाला, "धुवायला पाईप मारू नका पप्पा. वायरींच्या जोडात पाणी शिरतं. ओल्या फडक्यानं पुसायची."

"फडक्यानं पुसायला सायकल काय आजारी हाय?" मामांनी विचारलं आणि आम्ही सगळे हसलो.

एक गोष्ट मात्र मामांनी मनापासून उचलली. निघण्याआधी सायकल स्टँडवर लावायची, स्कूटरसारखी हँडलची मूठ पिळून मोटरनं मागचं चाक फिरवायचं, मूठ सोडून बघायची, ब्रेक दाबून बघायचा. दोन्ही वेळा मोटरनं तिथल्या तिथं गप्प व्हायला पाहिजे. हे काम त्यांनी स्वतःकडं घेतलं. मामी भाकरीची पाटी फडक्यात बांधून मागं करकचून आवळायच्या, पदर खोचायच्या, वर हेल्मेट चढवायच्या आणि विचारायच्या, "बघितलं का?"

"बघितलं," मामा म्हणायचे आणि मामी निघायच्या.

त्या दिवसांतल्या मालनमामी तुम्ही बघायला हव्या होत्या. भाकरी पोचवून त्या लगेच घरी येईनाशा झाल्या. कधी बहिणीकडं, कधी नुसत्याच सलीम अली तलावापर्यंत. "कुठं गेली होतीस?" असं मामांनी विचारलं की म्हणायच्या, "हवा खायाला. तुमच्यावाणी." मामा कुरकुरायचे, पण चेहऱ्यावरून खूश दिसायचे.

मग आला एप्रिल. आमच्याकडं उन्हाळ्यात नळ कधी येतील याचा भरवसा नसतो, आणि आले की घराघरात एकच धांदल. नळाला मोटर लावायची, टाक्या भरायच्या, आणि टाक्या भरून पाणी सुरू असेपर्यंत जे दिसेल ते धुऊन काढायचं. ओटा, गोधड्या, पायऱ्या, गाड्या. आठवड्याचा धुरळा त्या तासाभरात धुतला नाही तर पुढचा आठवडा धुळीत काढावा लागतो. त्या दिवशी टाक्या भरल्या, पाईपला जोर होता, आणि दारात ती सायकल धुळीनं माखून उभी होती.

मामांनी पाईप उचलला.

मामी आतून ओरडल्या, "अवो, सम्यकनं सांगितलंय ना, तिच्यावर पाणी नगा मारू!"

"तू गोधड्या बघ. सायकलचं मला शिकवू नको."

अंगठा दाबून त्यांनी पाण्याची धार बारीक केली आणि चाकं, साखळी, मोटर, हँडल, सगळं चकचकीत करून टाकलं. पुढं दिवसभर सायकल उन्हात होती. संध्याकाळी त्यांनी स्टँडवर लावून मूठ पिळली. चाक फिरलं. मूठ सोडली तरी चाक फिरतच राहिलं. ब्रेक दाबला, तरी मोटर कण्हत राहिली आणि मग एकदाची थांबली. पुन्हा करून बघितलं तर ठीक. तिसऱ्यांदा पुन्हा तसंच.

इथं मामांना एवढंच म्हणायचं होतं की मालन, उद्या रिक्षानं जा. तेवढं त्यांना जमलं नाही. म्हटलं असतं तर मामी म्हणाल्या असत्या, सांगत होते ना. ते ऐकायची त्यांची तयारी नव्हती. रात्रीतून वाळेल, असं त्यांनी स्वतःला समजावलं.

सकाळी मामींनी पाटी बांधली, हेल्मेट घातलं. "बघितलं का?"

मामांनी बघितलं नव्हतं. बघितलं असतं आणि चाक थांबलं नसतं, तर सांगावं लागलं असतं.

"बघितलं," ते म्हणाले.

मकई दरवाज्याच्या अलीकडं पुलावर रस्ता अरुंद होतो. समोरून रिक्षा घुसली. मामींनी मूठ सोडली, ब्रेक दाबला, आणि सायकल थांबायचं सोडून पुढं ओढत राहिली. रिक्षा चुकवायला त्यांनी हँडल वळवलं आणि त्या कठड्याच्या कडेला आदळल्या. हेल्मेटला ही एवढी चीर गेली. डोकं वाचलं, पण उजवं मनगट मोडलं. भाकरी थापायचा हात तो.

मग घरी माणसांची रीघ लागली. आपल्याकडं पडलेल्या बाईला बघायला येतात ते फळं घेऊन येतात आणि जाताना अक्कल देऊन जातात. "या वयात कशाला पाहिजे होती सायकल?" "बाईमाणसाचा हात चळतो, गडबडीत ब्रेकऐवजी मूठच पिळली जाते." मामांच्या थोरल्या बहीण, सारजाबाई, तर रोजच यायच्या आणि रोज हेच म्हणायच्या. मामा पाणी द्यायचे, चहा द्यायचे, आणि कोपऱ्यात गप्प बसायचे.

सुरुवातीला मामी सांगायच्या, "मी ब्रेकच दाबला होता." मग म्हणू लागल्या, "दाबला होता बहुतेक." एक दिवस त्या सारजाबाईंना म्हणाल्या, "माझाच हात चुकला असंल, वन्सं. आता माझा माझ्यावर भरवसा नाय." मामा कपबशी उचलून आत निघून गेले.

सायकल ते अभयच्या दुकानात घेऊन गेले होते. अभय तरुण पोरगा, इलेक्ट्रिक गाड्या दुरुस्त करतो. त्यानं हँडलजवळचा वायरींचा जोड उघडला. आत हिरवट बुरशीसारखा थर चढला होता.

"मामा, पाईप मारला का हिच्यावर?"

"नाय," मामा म्हणाले. "पाऊस लागला."

अभयनं दुकानाबाहेर तापलेल्या रस्त्याकडं बघितलं, मग मामांकडं बघितलं, आणि जोड बदलायला घेतला. ते बघणं मला जन्मभर पुरंल, असं मामा पुढं मला म्हणाले. हे सगळं मला त्यांनीच सांगितलं आहे, मी विचारायला गेलो नव्हतो.

त्यानंतर मामांनी स्वतःला कामाला जुंपलं. भाकरी थापायला शिकले. पहिल्या भाकरी गाईनंही हुंगून सोडल्या, पण महिन्याभरात खानावळवाला तक्रार करीनासा झाला. मामी शेजारी बसून सांगायच्या, मामा थापायचे आणि आपल्या जुन्या सायकलवरून पोचवायचे. घरी आले की मामींची सायकल पुसायची, ओल्या फडक्यानं, मग कोरड्यानं. साखळीला तेल. टायरमध्ये हवा. ब्रेकची तार कसून बघायची. उभ्या सायकलची बॅटरी पार उतरू द्यायची नसते, म्हणून ती अधूनमधून भरून ठेवायची. रोज स्टँडवर लावून चाक फिरवायचं आणि ब्रेक दाबायचा. चाक प्रत्येक वेळी थांबायचं.

गल्लीनं त्यांना डोक्यावर घेतलं. बायकोची सेवा करणारा नवरा म्हणून बायका आपापल्या नवऱ्यांना त्यांचं उदाहरण देऊ लागल्या. मामी तर येईल त्याला सांगायच्या, "माणूस असावा तर असा." मामा त्या वेळी उठून बाहेर जायचे. लोकांना वाटायचं, किती हा विनय. एकदा मला म्हणाले, "लोकं शिव्या देतील तर बरं वाटंल रे." तेव्हा मला कळलं नाही.

प्लास्टर निघालं, हात हलायला लागला. सम्यक फोनवर म्हणाला, "आई, आता हळूहळू चालव." मामींनी सायकलकडं पाठच फिरवली. पलीकडच्या गल्लीतली दीपमाला कॉलेजला चालत जाते. तिला मामींनी सांगून टाकलं, "रविवारी वंदना झाली की सायकल घेऊन जा, पोरी. मला नाय जमायचं आता ते."

तो रविवार मला चांगला आठवतो, मी तिथं होतो. विहार भरलं होतं. मामांनी त्रिशरण घेतलं, आम्ही मागोमाग म्हटलं. मग पंचशील. पहिलं शील झालं, दुसरं झालं, तिसरं झालं. चौथं असतं खोटं बोलण्यापासून दूर राहण्याचं. मामांनी पहिला शब्द म्हणायला तोंड उघडलं आणि आवाज निघेना. आम्हाला वाटलं खोकला आला. त्यांनी पुन्हा प्रयत्न केला. इतकी वर्षं झोपेतही म्हणता येईल असं ते शील, त्यांच्या तोंडून फुटेना. शेवटी बायकांच्या बाजूनं मालनमामींचा आवाज आला. त्यांनी ते अख्खं म्हटलं, आम्ही त्यांच्या मागोमाग म्हटलं, आणि वंदना कशीबशी पूर्ण झाली.

बाहेर चपला घालताना मामींनी विचारलं, "काय झालं वो? तब्येत बरी नाय का?"

"मालन, मी त्या दिवशी बघितलं नव्हतं," मामा म्हणाले.

"काय बघितलं नव्हतं?"

मग त्यांनी तिथंच, पायरीवर उभं राहून सगळं सांगितलं. पाईप, न थांबलेलं चाक, सकाळचं ते 'बघितलं', अभयला सांगितलेला पाऊस. "तुझा हात नाय चुकला. तू ब्रेकच दाबला होता. मला आदल्या दिवशीच ठावं होतं."

मामी आपलं उजवं मनगट डाव्या हातात धरून उभ्या होत्या.

"हात मोडला त्याचं मी तुम्हाला काय म्हणले नसते," त्या म्हणाल्या. "वाहनाचं काय, पडतं माणूस. पर माझ्यासमोर बसून लोकं मला येडी ठरवत होती. मी स्वतःच्या हाताला भ्यायला लागले. चहाचा कप उचलायला भ्यायले. अन् तुम्ही समोर बसून बघत होता."

मामांनी मान खाली घातली.

"हे मला एकटीला सांगून कसं चालंल? चला आत. सगळे अजून हायत."

आणि मामी त्यांना परत आत घेऊन गेल्या. चहाचे कप वाटणं चाललं होतं. जिथं बसून ते वंदना सांगतात त्याच जागी उभे राहून मामांनी पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. या वेळी आवाज त्यांचा नव्हता, पुढच्या ओळीलाही कान द्यावा लागत होता. सारजाबाईंनी डोळ्याला पदर लावला. कुणी म्हणालं, जाऊ द्या मामा, होतं असं. मालनमामी म्हणाल्या, "'जाऊ द्या' मी म्हणायचं की नाय ते मी बघीन." मग त्या दारात उभ्या असलेल्या दीपमालाकडं वळल्या. "दीपमाला, सायकल नाय मिळायची, बाई. माझी मलाच लागंल."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुद्दाम दारात थांबलो. मामींनी पाटी बांधली, जरा हळू, उजवा हात जपत. नवीन हेल्मेट घातलं. मामा सायकलशेजारी उभे होते, फडकं हातात. त्यांनी सगळं तपासून ठेवलं होतं, पहाटेपासून ते तेच करत होते. मामींनी विचारलं की सांगायचं, म्हणून ते तयार उभे होते.

मामींनी विचारलं नाही. त्यांनी सायकल स्टँडवर लावली, स्वतः वाकून मूठ पिळली, सोडली, पुन्हा पिळून ब्रेक दाबला. चाक थांबलं. पुन्हा एकदा केलं, पुन्हा थांबलं. मग त्या बसल्या आणि गल्लीच्या तोंडाकडं निघाल्या.

याला आता वर्ष होत आलं. मामी रोज जातात, तलावापर्यंत हवा खाऊन येतात, मामांशी हसतात, भांडतात, सगळं पूर्वीसारखं आहे. मामा आजही त्यांच्या आधी उठून सायकल तपासतात आणि मामी निघताना शेजारी येऊन उभे राहतात. पण मामी मूठ पिळतात, ब्रेक दाबतात, चाक थांबलेलं स्वतःच्या डोळ्यांनी बघतात आणि निघून जातात. 'बघितलं का?' असं त्यांनी मामांना त्यानंतर कधीही विचारलेलं नाही.