नुसतं बघायचं हत्यार

कोरडी थंडी पडली होती. वारा असा, की लाकूडसुद्धा रात्रीतून अंग चोरून बसावं. फोटोवाले सकाळी सहालाच गॅलरीत फतकल मारून पटाशीला धार लावत होते. दगडावर पाण्याचे दोन थेंब टाकायचे, पातं टेकवायचं, पुढे रेटायचं. मग मनगटावरून फिरवून बघायचं. केस सफाचट निघाले की धार आली. आठ महिन्यांत डाव्या मनगटावर केस म्हणून राहिला नव्हता.

दवाखान्यात ते एक्सरे काढायचे, म्हणून गल्लीने त्यांना फोटोवाले करून टाकलं होतं. सुतारकाम हा हौसेचा मामला. आणि आज त्या हौसेचा निकाल होता.

बायकोने तसं बजावलं होतं. कपडे धुवायचं मशीन न्हाणीच्या दारातच उभं होतं, येताजाता गुडघे फुटायचे. "महिनाअखेर तुमचं कपाट आतल्या खोलीत उभं राहिलं, तर गॅलरी तुमची. नाही राहिलं तर मशीन गॅलरीत, आणि तुमची लोखंडं दादाच्या घरी."

दादा म्हणजे तिचा थोरला भाऊ. तीस वर्षं सुतारकीत घालवलेला माणूस. दहा वाजता तोच कपाट बघायला येणार होता.

हत्यारं घेताना फोटोवाल्यांनी मोठा विचार केला होता. हार्डवेअरच्या दुकानात सलग दोन महिने जाऊन, एकेक वस्तू हातात घेऊन ते नुसते उभे राहायचे. दुकानदार वैतागला. "फोटोवाले, लोक बायकोसुद्धा एवढी निरखून करत नाहीत."

शेवटी त्यांनी तीन वाटण्या केल्या. जे कापतं, ते भारीतलं घ्यायचं. जे धरून ठेवतं, ते मध्यम. आणि जे नुसतं बघायला लागतं, ते स्वस्तातलं. पटाश्या, रंधा, करवत अस्सल पोलादाची आली. शिकंजे बरे होते. राहिला गुण्या, म्हणजे काटकोन तपासायची ती लोखंडी पट्टी. तो त्यांनी फुटपाथवरच्या ढिगातून उचलला. बरोबर दादा होता.

"याला कुठं धार लागते?" फोटोवाले म्हणाले होते. "नुसतं बघायचं."

दादाने गुण्या हातात घेतला, उलटासुलटा केला, परत दिला. "बरोबर आहे दाजी. घ्या."

त्यानंतरचे आठ महिने फोटोवाल्यांनी स्वतःच्या हाताला शिव्या घालण्यात घालवले. सांधा कापला की एका बाजूला चीर राहायची. पुन्हा आखायचं, पुन्हा कापायचं, चीर तशीच. पोरासोरांसारखा हात थरथरतो आपला, या वयात काय शिकणार आपण, असं ते मनाशी म्हणायचे. दादा अधूनमधून येऊन टेकायचा, चहा प्यायचा आणि चिरीत बोट घालून म्हणायचा, "सवय लागते दाजी. हाताला वळण लागायला आयुष्य जातं." फोटोवाले मान खाली घालून पुन्हा करवत उचलायचे.

दहा वाजता दादा आला. कपाट गॅलरीत भिंतीला टेकवून उभं होतं, पॉलिश केलेलं, चार ड्रॉवरचं. दादाने त्याला जरा लांबून बघितलं आणि वरचा ड्रॉवर ढकलला. निम्म्यात अडकला. दुसरा तर तिरका होऊन बसला, ना आत ना बाहेर. दादाने एका कोपऱ्यावर बोट टेकवलं, तसं सगळं कपाट लंगड्या माणसासारखं डुललं.

"बाई, बघ गं," त्याने बहिणीला हाक मारली. "दाजींनी पाळणा केलाय."

ती दारात येऊन हसली. फोटोवालेही हसले, कारण दुसरं काय करणार.

"हातच वाकडा माझा," ते म्हणाले.

"हात?" दादाने खाली पडलेली फळी उचलली, गुण्या घेतला आणि कडेला लावून एक रेघ ओढली. मग गुण्या उलटा करून त्याच जागेवरून दुसरी ओढली. दोन्ही रेघा खाली एकत्र होत्या आणि वर चिमट्यासारख्या फाकल्या होत्या. "खरा गुण्या असता तर एकच रेघ दिसली असती. हात सरळ आहे तुमचा. अगदी सरळ. हा गुण्या जसं सांगेल तसंच तो कापत बसला."

फोटोवाले त्या फळीकडे बघत राहिले. "तुम्हाला कधी कळलं?"

"फुटपाथवरच. हातात घेतल्याबरोबर."

"मग आठ महिने..."

"या घरातलं शोकेस मी केलं, आठवतं? सोळा पाहुण्यांसमोर तुम्ही म्हणालात, यात काय अवघड आहे, हत्यारं चांगली असली की कुणीही करील." दादाचा आवाज चढला नव्हता. "म्हटलं, करू दे."

फोटोवाल्यांना ते वाक्य आठवत नव्हतं. पण ते आपलंच होतं, एवढं त्यांना ऐकताक्षणी पटलं. त्यांनी बायकोकडे बघितलं. "तुला माहीत होतं?"

"दादा म्हणाला होता," ती म्हणाली. "मला वाटलं, कंटाळून सोडाल तुम्ही. आठ महिने कोण धरून बसतं?"

"मी नवा गुण्या आणतो. ड्रॉवर पुन्हा करतो. महिनाभर दे."

"ठरलं ते ठरलं. दादा, तू आहेस तोवर मशीनला हात लाव."

दादाने आधी हत्यारं गोणीत भरली. करवत, रंधा, शिकंजे. पटाश्यांशी मात्र तो थांबला. एकेकीचं पातं अंगठ्याने चाचपलं, उजेडात धरलं, आणि त्या वेगळ्या फडक्यात गुंडाळल्या. "पोलाद झकास निवडलंत दाजी. धारही बेस्ट लावलीय. माझ्या कारागिरांना येत नाही अशी."

आठ महिन्यांत कुणी केलेली ही पहिली तारीफ. फोटोवाल्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर समाधान उमटलं, आणि आपण खूश झालो हे कळून कान तापले.

मग दोघांनी मिळून मशीन गॅलरीत सरकवलं. ते चपखल बसावं म्हणून कपाट जिन्याखाली नेऊन ठेवावं लागलं. खाली नेताना तिसरा ड्रॉवर आपोआप निघून पायऱ्यांवरून गडगडत गेला.

"अहो," बायकोने वरून हाक मारली, "मशीनमधले ओले कपडे तसेच राहिलेत. वास मारतील."

फोटोवाले वर आले. बादलीत कपडे भरले आणि गच्चीवर गेले. चादर जड होती, आधी ती पिळली, मग झटकून दोरीवर टाकली आणि दोन्ही टोकं सारखी येईतो खाली ओढत राहिले.