दोन गावांची एक घंटागाडी

मोताळ्याहून बुलढाण्याला जाणाऱ्या एसटीत ग्रामपंचायतीचा एक शिपाई माझ्या शेजारी बसला होता. मांडीवरची फाईल तो प्रत्येक वळणावर तळहाताने दाबून धरी. शेजारच्या दोन गावांनी मिळून कचऱ्याची एकच घंटागाडी चालवली, तर शासन अनुदान देणार होते, आणि अर्जाचा तो शेवटचा दिवस होता. एक सरपंच पुढच्या बाकावर होते, दुसरे मागच्या. सहकार्याच्या त्या अर्जावर दुसऱ्याच्या खाली सही करायला दोघेही तयार नव्हते.

शिपायाने अर्जाच्या तळाशी एका ओळीत दोन चौकटी आखल्या, पुढे गेला, मागे गेला आणि दोन्ही सह्या घेऊन परतला.

“कसे जमवलेत?” मी विचारले.

“एकाले म्हटलं, भाऊ, उजवी बाजू मानाची. दुसऱ्याले म्हटलं, वाचणारा डावीकून सुरू करते. दोघंबी खुश, गुरुजी!”

“आणि गाडी आधी कोणत्या गावात फिरणार?”

“हळू बोला न बाप्पा! सायबाचा शिक्का तं पडू द्या.”

बुलढाण्याला दोन्ही सरपंच एकदमच दाराशी आले आणि तिथेच अडले. शिपाई फाईल काखेत धरून त्यांच्या मधून खाली उतरला. मग दोन्ही गावे निमूटपणे त्याच्या मागून चालू लागली.