पाठीवरचा पिवळा ठिपका

टपरीवर साखरेच्या डब्यावर एक मधमाशी बसली होती आणि तिच्या पाठीवर रंगाचा पिवळा ठिपका होता! चहावाल्या काकांनी फडकं उचललं तसा मी ओरडलो, “मारू नका, साक्षीदार आहे ती!”

“मग तिलाही कटिंग देऊ का?”

हे ठिपके लावले आमच्या कीटकशास्त्रज्ञ सुमनताईंनी. कीटकनाशक फवारलेल्या शेतातल्या माश्या पोळ्याची वाट विसरतात, हे त्यांना त्यातूनच कळलं. सरकारने फवारणी नाही, ताईंचं संशोधन थांबवलं. वर तोंड उघडायचं नाही असा हुकूम! आणि हा एवढासा जीव वाट चुकून थेट बाजारात येऊन सगळं सांगतोय.

मी ताईंना फोन केला. त्या म्हणाल्या, “बोलायची बंदी मला आहे रे. तुला आहे का?”