चांदीपची व्हॅन आणि भाड्याचं हेड

“व्हॅन उद्यापासून सुरू,” फिलोमिनाबाई म्हणाल्या. मी चहाचा कप खाली ठेवला.

“ऑर्डर दिली?”

“तोंडी. ड्रायव्हर आमच्या गिरीज गावचाच आहे, सर.”

बाई चांदीपला कर्णबधिर मुलांचं केंद्र चालवतात. मी आचोळ्यात राहतो आणि त्यांचे हिशोब पाहतो. केंद्राचा करार रीइम्बर्समेंटचा आहे. म्हणजे खर्च आधी आपण करायचा, बिलं लावायची आणि सरकारने ते पैसे परत द्यायचे. पण करारात ज्या खर्चाचं हेड, म्हणजे मंजूर खातं आहे, तेवढाच परत मिळतो. वाहनाचं हेड आमच्याकडे नव्हतं.

पाड्यावरच्या मुलांना आणणाऱ्या रिक्षावाल्याने रिक्षा विकली होती. मुलं घरीच बसली. त्यात नंदाही होती. नुकतीच ती हाताच्या खुणांनी गोष्टी सांगायला लागली होती.

“पैसे नाही मिळाले तर मी वाडीतली केळी विकून भरीन,” बाई म्हणाल्या.

“या महिन्यात भराल. पुढच्या महिन्यात काय करणार? थोडं थांबा, आधी मला सरकारला लिहू द्या.”

मी करार पुन्हा वाचला. एका हेडमधली बचत दुसरीकडे वळवता येत होती, फक्त खर्चाआधी लेखी मंजुरी हवी होती. आणि बचत होती. गावाने समाजमंदिर फुकट दिल्यामुळे भाड्याच्या हेडला हातच लागला नव्हता.

पालघरच्या सरकारी ऑफिसात साहेबांनी प्रस्ताव उलटसुलट पाहिला.

“एकूण मर्यादा वाढणार?”

“एक रुपयाही नाही, साहेब.”

“मग अडचण काय आहे?”

“तुमची सही.”

ते मिशीत हसले. मंजुरीचं पत्र हातात आलं, तेव्हाच व्हॅन निघाली.

पहिल्या दिवशी बाई फाटकात उभ्या होत्या. नंदा उतरली ती बोलतच, दोन्ही हातांनी. घरी बसून साठलेलं सगळं तिला एकदम सांगायचं होतं. बाईंना अर्धंच कळलं, तरी त्या मान डोलवत राहिल्या.

पुढे साहेब तपासणीला आले. मुलं प्रत्येकाला खुणेचं नाव देतात. नंदाने दोन बोटांनी हवेतच मिशीला पीळ दिला आणि सगळा वर्ग हसला. साहेबांनी ती खूण शिकून घेतली. जाताना त्याच खुणेने त्यांनी मुलांचा निरोप घेतला.

व्हॅनचं पहिलं बिल बिनशेरा पास झालं. खर्चाआधी विचारलं तर सरकारदरबारी त्याला प्रस्ताव म्हणतात. नंतर विचारलं तर खुलासा म्हणतात. प्रस्तावाला कागद कमी लागतात.