बंद डब्यातली खिरापत

सुमनताई इंगोले यांची आणि माझी पहिली भेट वलगावच्या शाळेत झाली, आणि ती काही फार गोड झाली नाही. मी अकोल्याहून नवीच आलेली शिक्षिका. घर सुटले म्हणून मधल्या सुट्टीत रिकाम्या वर्गात डोळे पुसत बसले होते. ताई दारात उभ्या राहिल्या. "काहून वं, रडून राहिली? रडाले शाळा सुटल्यावर वेळच वेळ हाये. चाल जेवाले!" मला रागही आला आणि भूकही लागली. त्या दिवशी त्यांच्या डब्यातली अर्धी भाकर मी खाल्ली. त्या भाकरीला मी जागले की नाही, हे त्यांनाच विचारा.

आज ताईंनी पंचाहत्तरी गाठली. त्यांच्या शिकवण्याविषयी इतर मंडळी लिहितीलच. मला लिहायचे आहे ते भुलाबाईविषयी, म्हणजे पार्वतीच्या नावाने चालणाऱ्या आपल्या वऱ्हाडी भोंडल्याविषयी. भाद्रपदाच्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत रोज संध्याकाळी ताई पोरींना शाळेच्या ओट्यावर जमवायच्या आणि टिपऱ्यांच्या तालावर भुलाबाईची गाणी म्हणवून घ्यायच्या. गाणी सरली की बंद डबा कानाशी खुळखुळवायचा आणि आतली खिरापत ओळखायला लावायची. ओळखल्याशिवाय झाकण उघडायचे नाही, हा आपल्याकडचा नेमच. एकदा एका बाईंनी आपल्या मुलीची खिरापत वेगळी ठेवायला सांगितली. ताई एवढेच म्हणाल्या, "गाणं सगळ्याइचं एक, मंग खाऊ दोन कायले?" दुसऱ्या दिवसापासून त्याच बाई सगळ्यांना पुरेल एवढा डबा पाठवू लागल्या.

निवृत्तीनंतर ताई नातवाला सांभाळायला लेकीकडे पोलंडला गेल्या. तिथली भाषा येईना, इंग्रजी 'थँक्यू'पुरतीच. लेक-जावई कामावर गेले आणि नातू झोपला, की घर खायला उठे. आश्विन लागला तसा ताईंचा जीव इकडे ओढू लागला. शेवटी स्वयंपाकघरातले दोन लाकडी चमचे घेऊन त्या मागच्या अंगणात बसल्या आणि गाऊ लागल्या. शेजारच्या हेलेनाबाई कुंपणापाशी आल्या. आता ही बाई भांडते, असे वाटून ताईंनी चमचे पदराआड लपवले. हेलेनाबाई आत गेल्या, आणि गळ्यात अकॉर्डियन अडकवून परत आल्या! दोन ओळींत त्यांनी चाल उचलली.

गाणे सरल्यावर ताईंनी सवयीने फुटाण्यांचा डबा आणून त्यांच्या कानाशी खुळखुळवला. हेलेनाबाईंना तो डबाही वाद्यच वाटला, आणि त्यांनी त्या तालावर नवीच चाल धरली. ताई थांबल्या की त्याही थांबत, डबा हलला की पुन्हा सुरू. "बाप्पा, माहे हात दुखून आले, पण ते बाई काही ओळखेना!" हे सांगताना ताई आजही पोट धरून हसतात. अखेर नेम मोडून त्यांनी झाकण उघडले, तेव्हा कुठे हेलेनाबाईंना उमगले. दुसऱ्या संध्याकाळी त्या स्वतःच बंद डबा घेऊन हजर! आत सुकवलेली सफरचंदे होती, ताईंना ओळखता आली नाहीत. ताई परत येईपर्यंत हे रोजचेच झाले. एकमेकींचे नाव सोडले तर दुसरा शब्द कळत नव्हता. सारे हातवाऱ्यांनी चाले.

आता ताई अमरावतीत असतात. गुडघ्यांमुळे डॉक्टरांनी लांबचा प्रवास बंद केला आहे, हेलेनाबाईही थकल्या आहेत. फोनवर दोघी एकमेकींना पाहतात. पण आवाज उशिरा पोचतो, ताल जुळतच नाही. मग ताई टिपऱ्या खाली ठेवतात आणि नुसत्या ऐकत बसतात. मला ते बघवत नाही. सत्काराचा विषय काढला तर म्हणाल्या, "शाल-नारळ ठेव तुह्याजवळ. मले एक डाव तिच्या आंगणात नेऊन दे."

गेल्या कोजागिरीला मी त्यांच्याजवळ होते. हेलेनाबाईंनी फोनसमोर डबा खुळखुळवला. अक्रोड! मलासुद्धा ओळखू आले. ताईंनी मात्र नकारार्थी मान हलवली. फोन ठेवल्यावर मी विचारले, "ताई, काहून नाही सांगतलं?"

"सांगतलं असतं तं तिनं डबा उघडला असता, अन् एकटीनंच खाल्लं असतं. राहू दे बंद. तिच्याजवळ बसीन तवाच सांगीन."

ताईंना शंभरी लाभो, असे सगळेच म्हणतील. माझे भुलाबाईकडे एवढेच मागणे: ताईंच्या गुडघ्यांत बळ येवो, हेलेनाबाई तोवर सुखरूप राहोत, आणि ते अक्रोड दोघींनी एकाच अंगणात बसून खावेत.