धाकटीचा अभिनय

माझी धाकटी बहीण गेली तीस वर्षं मालिकांमधून सासू, आत्या, नाहीतर खडूस शेजारीण होते. लोक म्हणतात, काय अभिनय करते! अभिनय डोंबलाचा! चष्मा कपाळावर सरकवून समोरच्याला आपादमस्तक न्याहाळायचं आणि मग सावकाश हात पुसत "बरं" म्हणायचं, हे माझं आहे. राग आला की मी आवाज चढवत नाही, खाली आणते. तेही तिनं उचललं. शूटिंग नसलं की ती माझ्या स्वयंपाकघरात चहा पीत बसायची आणि माझ्याकडे टक लावून बघायची. मला वाटायचं, बहिणीची माया.

मध्यंतरी मी सुनेला काहीतरी बोलले, तर ती हसून म्हणाली, "आई, अगदी मावशींची नक्कल केलीत!"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. धाकटी आल्या आल्या मी तिला फैलावर घेतलं. "माझ्या जिवावर सत्कार घेतेस! माझ्यासाठी कधी कुणी टाळ्या वाजवल्या?" बोलता बोलता माझा आवाज चिरकला आणि मी ओट्याची कड घट्ट धरली. ती नुसती माझ्या हाताकडे बघत राहिली. मला वाटलं, वरमली.

पुढच्याच महिन्यात तिच्या मालिकेत थोरली जाऊ धाकटीवर जळते, असा प्रसंग आला. थोरली अर्थात हीच. आवाज चिरकला, ओट्याची कड धरली. टीव्हीसमोर बसून माझी सून डोळे पुसत होती.

मेली, जळणंसुद्धा तिला माझ्यापेक्षा चांगलं जमलं.